जागा रिकामी असताना

गुलाब या वर्षीही लालच होता. सेलोफेनमध्ये गुंडाळलेला, देठाला सोनेरी फीत बांधलेला. कागदाच्या आतल्या बाजूला बाष्पाचे बारीक थेंब जमले होते. ग्लादिसनं तो बसमध्ये मांडीवर आडवा धरला होता. सव्वीस एप्रिलला, सेक्रेटरींच्या दिवशी, सगळ्या मानिसालेस शहरात बायका असे गुलाब घेऊन घरी जातात. बसमध्ये आणखीही काहीजणी होत्या. एकमेकींच्या फुलांकडे बघून त्या ओळखीचं हसत होत्या. ग्लादिसही हसली. तसं हसणं तिच्या कामाचाच भाग होतं, त्यासाठी तिला वेगळे कष्ट पडले नाहीत.

पायांशी एक कापडी पिशवी होती. ती तिनं टाचांमध्ये घट्ट धरून ठेवली होती.

चिप्रे वस्तीच्या चढावर ती उतरली तेव्हा ज्वालामुखीची राख पुन्हा पडू लागली होती. फार नाही. मोटारींच्या टपांवर आणि खिडक्यांच्या कठड्यांवर करड्या पिठासारखा पातळ थर. दारातच तिला कोंबडीच्या सांकोचो रश्श्याचा वास आला, आणि मेव्हण्याचा आवाज.

"घरात तीन पिढ्यांच्या सेक्रेटरी," फाबिओ म्हणत होता, "आणि विजेच्या बिलाची तक्रार लिहायची तर मला चौकातल्या टायपिंगवाल्याकडे जावं लागतं."

"तुझ्या तक्रारीत दम नसतो," तिची आई रोसमिरा म्हणाली. "टाइप करून दम येत नाही."

ग्लादिस आत गेली. पिशवी तिनं स्वयंपाकघराच्या दारामागे ठेवली आणि गुलाब आईच्या हातात दिला. त्यांच्या घरात या दिवसाची एक रीत होती. रोसमिरा रेल्वेच्या कचेरीत लघुलेखिका होती, तेव्हापासून सगळे गुलाब एकाच चिनी मातीच्या सुरईत ठेवले जात. रोसमिरा निवृत्त झाल्यावर तिला गुलाब देणारं कुणी उरलं नाही, तेव्हापासून तिचा गुलाब फाबिओ आणत असे आणि साहेबांच्या आवाजात भाषण ठोकून देत असे. आज सुरईत आधीच दोन फुलं होती. एक रोसमिराचं, दुसरं ग्लादिसच्या मुलीचं, यामिलेचं. तिच्या आयुष्यातलं पहिलं.

"कॉलेजनं आम्हा सगळ्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना दिलं," यामिले म्हणाली. तिनं ग्लादिसच्या गालाला गाल लावला. "आई, तुझे हात किती गार पडलेत."

"बाहेर धुकं आहे," ग्लादिस म्हणाली.

ती जेवायला बसली, आणि सकाळ पुन्हा तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

कॉफीच्या गिरणीच्या कचेरीत सगळे थोरल्या मालकाच्या मुलाला डॉक्टर म्हणत. तो कसलाच डॉक्टर नव्हता, पण खुर्चीवर बसणाऱ्याला तसं म्हणायची पद्धत होती. डॉक्टर मौरिसिओनं तिला आत बोलावलं, स्वतः उठून दार लावलं, गुलाब दिला. त्याच्या टेबलावर यामिलेची पुस्तिका होती. ऑफिस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या कोर्सला शेवटच्या सत्रात एखाद्या कचेरीत उमेदवारी करावी लागते, आणि तिथल्या एका जागेचं सगळं काम पायरी-पायरीनं लिहून काढावं लागतं. यामिलेनं उमेदवारी आईच्याच कचेरीत केली होती. आणि जी जागा लिहून काढली, ती आईची होती.

डॉक्टर मौरिसिओनं पुस्तिकेवर तळहात ठेवला. घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा, प्रेमानं. म्हणाला, मी दोनदा वाचली. म्हणाला, वडील गेल्यापासून मला भीती होती, की तुम्ही एक दिवस आला नाहीत तर ही कचेरी बंद पडेल. आता ती भीती गेली. हे वाचून कुणीही हे काम करू शकतं. हे त्यानं कौतुकानंच म्हटलं. मग त्याच आवाजात सांगितलं, की कॉलेजशी बोलणं झालं आहे. दर सत्राला उमेदवारीच्या मुली येतील, एक गट गेला की दुसरा. जागा महिनाअखेर बंद होईल. हिशेब वकील बघतील.

"पण तुम्ही आजपासूनच घरी जा, ग्लादिस," तो म्हणाला. "दिवस तुमचाच आहे."

तिनं थँक्यू म्हटलं. हे आठवून आता तिनं चमचा खाली ठेवला. आपल्या खणाची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवून तिनं थँक्यू म्हटलं होतं.

"ताई, रश्श्यातला केळ्याचा तुकडा वाढू का?" अंपारोनं विचारलं.

"नको. पुरे."

अंपारो तिची धाकटी बहीण, फाबिओची बायको. ती कारखान्यात कामगारांचे डगले शिवायची आणि या दिवशी न चुकता सगळ्यांसाठी स्वयंपाक करायची. तिला कधी कुणी गुलाब दिला नव्हता. तिच्या वेळी घरातून एकाच मुलीला टायपिंगच्या संस्थेत घालणं शक्य होतं, आणि रोसमिरानं थोरलीला घातलं. त्याबद्दल अंपारो आता भांडत नसे. फक्त वाढताना ताईच्या ताटाकडे जरा जास्त वेळ बघायची. आजही बघत होती.

यामिलेनं पुस्तिकेची आपली प्रत आणली होती. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर कॉलेजचं बोधचिन्ह. परीक्षक बाईंनी तिला विशेष गुणवत्ता दिली होती, पण सगळं नव्हतं संपलं. एक दुरुस्ती राहिली होती, ती सोमवारपर्यंत द्यायची. ते नंतर बघू, म्हणून यामिलेनं पहिलं पान उघडलं आणि उभी राहिली. फाबिओनं चमच्यानं ग्लासवर टकटक केलं.

"'माझ्या आईस,'" यामिलेनं वाचलं. "'तिनं मला एकही पायरी गाळू दिली नाही.'"

रोसमिरानं डोळ्यांना रुमाल लावला. फाबिओ म्हणाला की एवढी छोटी अर्पणपत्रिका फक्त सेक्रेटरीच लिहू शकते. सगळे हसले.

ते खरंच होतं. रविवारमागून रविवार याच टेबलावर गेले होते. यामिले विचारायची, "मग?" आणि ग्लादिस सांगायची. बंदरावरच्या दलालाला सकाळी पहिल्यांदा फोन करायचा, कारण दुपारनंतर तो चिडलेला असतो. चिंचिना गावच्या शेतकऱ्यांना पत्र पाठवायचं नाही, त्यांच्या पाद्रीला निरोप द्यायचा. थोरल्या मालकीणबाईंचा फोन आला की आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची, मग डॉक्टर बैठकीत आहेत असं सांगायचं. नमुन्याच्या पाकिटांवर चिठ्ठी उजव्या कोपऱ्यात लावायची, नाहीतर कॉफीचं तेल शाईत उतरतं. यामिले म्हणाली होती, आई, इतकं बारीक नको, बाईंनी एवढं मागितलेलं नाही. ग्लादिसनंच आग्रह धरला होता. पायरी गाळलीस तर पुस्तिका खोटी, असं ती म्हणाली होती. हे म्हणताना तिला किती बरं वाटलं होतं, तेही तिला आठवत होतं. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं, की तू नक्की काय करतेस.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," रोसमिरा सांगू लागली. ही गोष्ट ती दरवर्षी सांगायची. लघुलेखनाच्या पुस्तकातल्या खुणा तिनं हळूहळू आपल्या सोयीनं बदलल्या होत्या. एक रेघ इकडे, एक टिंब तिकडे. शेवटी तिनं घेतलेला मजकूर तिच्याखेरीज पूर्ण रेल्वेत कुणाला वाचता येत नव्हता. तीन साहेब बदलले, एकदा सगळी कचेरी छाटली, पण तिला हात लावता आला नाही. "अर्धवट पत्रं पडली होती ना. वाचणार कोण?"

"आजी, हे तर कंपनीला ओलीस धरणं झालं," यामिले म्हणाली. "आम्हाला शिकवतात, माहिती ही संस्थेची असते."

"शिकवू देत," रोसमिरा म्हणाली.

ग्लादिस उठली. कॉफी ठेवते म्हणाली.

स्वयंपाकघरात अंपारो तिच्या आधी पोचली होती. दारामागची पिशवी तिच्या हातात होती, उघडी. आत चपट्या तळव्यांचे, टाच झिजलेले तपकिरी बूट होते. ग्लादिस उंच टाचांचे बूट घालून कचेरीत जायची आणि टेबलाखाली हे घालून बसायची. मानिसालेसमधली प्रत्येक सेक्रेटरी तसंच करते. ते बूट कधीच घरी येत नाहीत. ते टेबलाखाली झिजतात, आणि तिथूनच केराच्या डब्यात जातात.

अंपारोनं वर बघितलं. पिशवी खाली ठेवली, ओल्या हातांनी एप्रन धरून उभी राहिली. ग्लादिसनं मग सांगितलं. हळू आवाजात, क्रमानं, कुणाच्या तरी कामाची माहिती द्यावी तसं. पुस्तिकेचं आलं तेव्हा मात्र ती थांबली.

"तिला अजून माहीत नाही," अंपारो म्हणाली.

"नाही. आणि कळणार नाही."

"सोमवारी तिला बोलावलंय ना तिथं? मघाशी मला सांगत होती. नव्या मुलींना पुस्तिका समजावून सांगायला. तिला वाटतंय, तुझ्या हाताखाली जागा काढतायत तिच्यासाठी. 'नवा कोट घेऊया, मावशी,' म्हणत होती, असा." अंपारोनं खांद्यांवर हात फिरवून दाखवला. "सांग तिला. आत्ता सांग. निदान स्वतःच्या पायानं तिथं जाऊन तुझी जागा दुसऱ्यांच्या हातात देणार तरी नाही."

"पदवी मिळाल्यावर बघू."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते," दारातून रोसमिरा म्हणाली. काठी तिनं जेवणाच्या टेबलाशीच ठेवली होती, म्हणून तिचं येणं ऐकू आलं नव्हतं. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. चेहरा शांत होता. "पोरीला पदवी घेऊ दे. टोपी घालून फोटो निघू दे. मग रडायला आयुष्य आहे."

"तुम्हा दोघींचं हेच," अंपारो म्हणाली. "झाकायचं. साहेबांचं झाकायचं, घरचं झाकायचं. तेच शिकलात दोघी. बरं झालं मला नाही घातलं त्या संस्थेत."

इतक्या वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं, आणि त्यात राग नव्हता. ती ताईच्या बाजूनंच बोलत होती, हे ग्लादिसला कळलं. पण त्या बाजूला जायला तिच्या अंगात बळ नव्हतं.

रोसमिरानं ग्लादिसचा हात धरला. "मी तुला सांगितलं होतं. थोडं आपल्यापाशी ठेव."

"मला वाटायचं, तू मला लबाडी शिकवतेयस."

"लबाडीच होती," रोसमिरा म्हणाली. "घर त्यावर उभं राहिलं."

दूध उतू जायला आलं होतं, अंपारोनं गॅस बंद केला.

बाहेर यामिलेनं टेबल पुसून लॅपटॉप मांडला होता. फाबिओ बाल्कनीत राख झाडत होता. आई, एकच काम, ती म्हणाली, मग सगळं संपलं. परीक्षक बाईंनी दाखवलेली दुरुस्ती ही होती: कॉलेजच्या नमुन्यातला शेवटचा भाग तिनं कोरा सोडला होता. प्रत्येक पुस्तिकेत तो असावाच लागतो. जागा रिकामी असताना काम कसं चालेल, हे त्यात लिहायचं. यामिलेनं सोडला, कारण तिला काही सुचलंच नाही.

"तू कधी रजाच घेतली नाहीस," ती म्हणाली. "मी काय लिहिणार? बाईंना तसं सांगितलं, तर म्हणतात, हा भाग नसला तर पास करता येत नाही. चल, मी टाइप करते, तू सांग. समज, तू एक दिवस आलीच नाहीस."

ग्लादिस तिच्या शेजारी बसली. समोर आई बसली. अंपारो उभीच राहिली.

"नंतर करूया," ग्लादिस म्हणाली.

"सोमवारी द्यायचंय. पाच मिनिटं."

मग ग्लादिसनं सांगायला सुरुवात केली. मजकूर सांगतानाचा तिचा आवाज वेगळा असे. सपाट, शब्दांमध्ये सारखं अंतर ठेवणारा. थोरल्या मालकांच्या आवाजाची ती सवय होती; त्यांचं ऐकून ऐकून तिच्यात उतरलेली. पहिला मुद्दा. सकाळी कचेरी उघडणाऱ्यानं आधी रात्रीचे निरोप ऐकावेत. दुसरा मुद्दा. बंदराकडून आलेली पत्रं न उघडता तारखेप्रमाणे लावावीत. यामिलेची बोटं तिच्या बोलण्याच्या किंचित मागून येत होती, पाठोपाठ. ती पडद्याकडेही बघत नव्हती, आईच्या तोंडाकडे बघत होती. रोसमिरानं तिला लहानपणी डोळ्यांवर फडकं बांधून टायपिंग शिकवलं होतं.

"टेबलाच्या खणाची किल्ली?" यामिलेनं विचारलं. "शिक्के त्यातच असतात ना."

"किल्ली डॉक्टरांकडे."

बोटं थांबली. "तुझ्या पर्समध्ये असते ना, छोट्या कप्प्यात. तू एक दिवस आजारी पडलीस म्हणून ती डॉक्टरांकडे कशी जाईल?"

ग्लादिसला उत्तर सुचलं नाही. हजार फोनांवर, हजार चिडलेल्या माणसांना तिला उत्तरं सुचली होती.

"सांगते ते लिही ग," रोसमिरा म्हणाली, जरा घाईनं.

तेवढ्यात अंपारो आत गेली आणि परत आली. ती खाली वाकली आणि तपकिरी बुटांचा जोड तिनं ग्लादिसच्या पायांशी ठेवला. अगदी हळुवार, शेजारी शेजारी.

"दिवसभर टाचांवर आहेस, ताई," ती म्हणाली. "हे घाल."

यामिलेनं बुटांकडे बघितलं. तिनं चार महिने त्या टेबलाच्या बाजूला स्टूल टाकून उमेदवारी केली होती. ते बूट कुठे असतात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मग तिनं आजीकडे बघितलं. आजी रागानं अंपारोकडे बघत होती. मग पुन्हा आईकडे.

"कधी?"

"आज सकाळी," ग्लादिस म्हणाली.

"सोमवारी मला त्यासाठी बोलावलंय."

"हो."

बाल्कनीत फाबिओच्या झाडूचा आवाज येत होता, मग तोही थांबला. यामिलेचा चेहरा आक्रसला नाही, काही नाही. फक्त रंग उतरत गेला, एकेका भागातून. तिनं निळी पुस्तिका जवळ ओढली, पहिलं पान उघडलं, अर्पणपत्रिकेवर अंगठा ठेवला.

"तू एवढं सगळं का सांगितलंस मला?" ती म्हणाली. प्रश्न आईला होता, पण आईकडे न बघता.

"तू विचारलंस म्हणून."

रोसमिरानं डोळे मिटून घेतले.

"मी हे देणार नाही," यामिले म्हणाली. "हा भाग देणारच नाही. नापास करू देत. सोमवारी जाणार नाही. पुस्तिका परत घेते."

"बरोबर आहे," अंपारो म्हणाली. "अजिबात देऊ नकोस."

ग्लादिसनं बहिणीकडे बघितलं. तिला तिचे आभार मानावेसे वाटले, आणि तिला थोबाडीत द्यावीशीही वाटली. मग ती मुलीकडे वळली. जे म्हणायचं होतं ते मोडून, छोटं करून म्हटलं, म्हणजे एकदाच म्हणावं लागेल.

"दिलेलं आहे, बाळा. बाकी सगळी पुस्तिका त्यांच्याकडे आहे, दोनदा वाचून झालीय. हा भाग नसला म्हणून त्यांचं काहीच अडत नाही. अडेल ते तुझं."

"मग मी ही पदवी घेऊन करू काय? कुठल्याही कचेरीत हेच असणार. पुढच्या वर्षी माझ्याजागी उमेदवारीची मुलगी."

रोसमिरानं तोंड उघडलं, पण तिचं उत्तर रेल्वेच्या कचेरीबरोबर, शाईच्या पेनांबरोबर गेलं होतं. तिनं सुरईतले गुलाब उगाच सारखे केले. एका फुलाची बाहेरची पाकळी गळून टेबलावर पडली. ती तिनं उचलली आणि मुठीत धरून ठेवली.

फाबिओ आत आला. काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नाही, पण चेहरे बघून त्यानं टोपी काढली आणि भिंतीशी बसला.

खाली रस्त्यावर बस चढ चढत होती. ग्लादिसनं उंच टाचांचे बूट काढले आणि तपकिरी बुटांत पाय घातले. पायांना ते ओळखीचे होते. पण जमीन वेगळी होती, गालिच्याऐवजी फरशी, आणि तळवे फरशीवर चिकटल्यासारखे वाजले.

यामिलेनं हात पुन्हा कीबोर्डवर ठेवले. गालांवरून पाणी वाहत होतं, तिनं पुसलं नाही. ते पुसायला हात उचलावे लागले असते.

"किल्ली डॉक्टरांकडे," ती स्वतःशी म्हणाली, आणि तेवढे शब्द टाइप केले. एकही अक्षर चुकलं नाही. "पुढे?"

अंपारो पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली. नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला.

"पुढे, आई."

"फोन," ग्लादिस म्हणाली. आवाज सपाट ठेवायला तिला या वेळी फार कष्ट पडले. "फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलावा. आवाज नेहमीसारखा असावा. ग्लादिस आहेत का, असं जुने लोक विचारतील."

"विचारतील तर काय सांगायचं?"

यामिले थांबली होती. तिची बोटं अधांतरी होती, आणि पहिल्यांदाच तिची नजर आईच्या तोंडावरून ढळून तिच्या डोळ्यांकडे गेली.

"ते सांगायचं नाही," ग्लादिस म्हणाली. "मी आपल्यासाठी काय करू शकते, असं विचारायचं. ते आपोआप कामाचं बोलू लागतात."

यामिलेनं तसंच टाइप केलं.